एकाच वेळी तीन परकीय भाषा शिकताना प्रगतीची नोंद कशाची आणि कशी ठेवावी?

पानगळ (धागाकर्ती)

एकच परकीय भाषा शिकत असलो तर प्रगती मोजण्याची फारशी चिंता करावी लागत नाही, कारण वर्ग, पाठ्यपुस्तक आणि परीक्षा मिळून ते काम परस्पर करत असतात. दोन-तीन भाषा एकदम हाती घेतल्या की मात्र प्रत्येकीचा वेग निराळा, परीक्षा निराळी आणि आपली पायरीही निराळी असते. मग आपण खरोखर पुढे सरकतो आहोत की नुसतेच कामात बुडालेले आहोत, हे कळेनासे होते. मी जर्मन, जपानी आणि फ्रेंच शिकते आहे. जर्मनची बी १ परीक्षा (ए १ ते सी २ या सहा चढत्या पायऱ्यांतली तिसरी) झाली असून बी २ ची तयारी चालू आहे, जपानीत एन ४ नंतर एन ३ चा अभ्यास आहे (तिकडे एन ५ सर्वांत सोपी, एन १ सर्वांत अवघड) आणि फ्रेंच अगदी आरंभीची आहे. या धाग्यात केवळ नोंदींच्या पद्धतीविषयी बोलावे अशी विनंती आहे. कोणती भाषा सोपी आणि कोणती नोकरीच्या उपयोगाची, यावर येथे आधीच भरपूर लिहिले गेले आहे.

बहुतेक जण तासांची नोंद ठेवतात. वेळ कुठे गेला हे तीवरून कळते, पदरात काय पडले हे कळत नाही. त्यातही तिन्ही भाषांच्या तासांची बेरीज करणे निरर्थक आहे, कारण जर्मन वृत्तपत्रातला एक लेख वाचण्यात गेलेला तास आणि फ्रेंच क्रियापदांची रूपे घोकण्यात गेलेला तास यांची जातकुळी एक नाही. ॲपमधली सलग दिवसांची साखळी त्याहून फसवी असते. ती तुटू नये म्हणून झोपण्यापूर्वी सर्वांत सोप्या भाषेतला सर्वांत सोपा धडा उरकला जातो आणि आकडा मात्र दिमाखात वाढत राहतो.

जुन्या जमाखर्चात रोजकीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या असत. दिवसभरात जे घडले ते क्रमाने रोजकीर्दीत उतरवायचे आणि नंतर ज्याचे त्याच्या खात्यावर खतवायचे, म्हणजे कोणाकडे किती येणे आहे ते खाते उघडताच दिसते. भाषांच्या बाबतीत आपण रोजकीर्द इमानाने लिहितो, पण खतावणी कधी घालतच नाही, असे माझे निरीक्षण आहे. म्हणून मी प्रत्येक भाषेचे स्वतंत्र पान केले असून त्यावर महिन्यातून एकदाच, ठरलेल्या रविवारी, पुढील प्रकारे नोंद करते.

वाचनासाठी त्या त्या भाषेत जे पुस्तक चालू असेल त्याचे पुढचे, आधी न पाहिलेले पान घेते. जर्मन आणि फ्रेंचमध्ये साधारण दोनशे शब्दांचा मजकूर मोजून घेते आणि शब्दकोश न उघडता वाचते. जो शब्द कळला नाही त्याच्याखाली पेन्सिलीने ठिपका देते आणि शेवटी ठिपके मोजते. मजकुरातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असतील तर कोणाच्या मदतीवाचून वाचन सुखाने होते, असे शब्दसंग्रहाच्या अभ्यासकांनी दाखवले आहे. म्हणजे दोनशे शब्दांत चार ठिपके ही माझी लक्ष्मणरेषा ठरते. ठिपके सलग काही महिने चारच्या आत राहिले की ते पुस्तक मला सोपे झाले असे समजून पुढचे, थोडे अवघड पुस्तक घेते, आणि ठिपके पुन्हा वाढतात. ही वाढ पीछेहाट नव्हे, म्हणून पुस्तकाचे नाव ठिपक्यांच्या आकड्याशेजारी लिहिणे आवश्यक आहे.

जपानीत शब्दांमध्ये जागा सोडण्याची रीत नसल्यामुळे शब्द मोजत बसणे जिकिरीचे होते. तेथे मी चारशे अक्षरांचा मजकूर घेते, कारण जपानी लेखनाच्या चौकटीदार कागदावर तेवढीच घरे असतात आणि मजकुराची लांबी त्या मापाने मोजण्याची पद्धत तिकडे रुळलेली आहे. येथे खुणाही दोन प्रकारच्या लागतात. अर्थ कळला नाही तर ठिपका. कांजीवरून, म्हणजे चिनीतून आलेल्या अर्थवाही अक्षरावरून, अर्थ कळला पण उच्चार सांगता आला नाही तर आडवी रेघ. माझ्या पानावर रेघा ठिपक्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत, आणि ऐकताना ओळखीचे शब्दही का निसटतात याचा उलगडा मला त्या रेघांवरूनच झाला.

बोलण्यासाठी तिन्ही भाषांत एकच विषय ठेवला आहे: गेल्या महिन्यात काय घडले आणि पुढच्या महिन्यात काय करायचे आहे. कागद समोर न ठेवता दोन मिनिटे बोलून फोनवर ध्वनिमुद्रण करते आणि ते लगेच न ऐकता तीन महिन्यांनी ऐकते. त्या वेळी कुठे अडखळले, कुठे वाक्य अर्ध्यावर सोडले आणि कुठे दुसऱ्या परकीय भाषेचा शब्द घुसला, हे लिहून ठेवते. मराठीचा शब्द मधेच घुसत नाही, हा त्यातला मौजेचा भाग आहे. फ्रेंच बोलताना तोंडात येते ती जर्मन, तेही बहुधा ‘पण’, ‘आणि’, ‘म्हणून’ यांसारखे किरकोळ शब्द. अशा घुसखोरीला मी लाल शाई वापरते.

ऐकण्याची नोंद कशी ठेवावी हे मला अद्याप नीट साधलेले नाही. त्याविषयी आणि एकूणच या पद्धतीविषयी अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

सांजवर्ग

मी जर्मन शिकवते, त्यामुळे परीक्षांच्या अंगाने दोन गोष्टी मांडते. तुम्ही जी खतावणी म्हणता तिच्या जवळपास जाणारी वस्तू युरोप परिषदेने २००१ साली, म्हणजे ए १ ते सी २ या सहा पायऱ्यांची चौकट प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, ‘युरोपीय भाषा पोर्टफोलिओ’ या नावाने पुढे आणली होती. तिचे तीन भाग होते. पहिला भाषा-पासपोर्ट, ज्यात येणाऱ्या सर्व भाषा एकाच तक्त्यात दाखवायच्या. दुसरा भाषा-चरित्र, ज्यात कोणती भाषा कशी शिकलो, पुढचे उद्दिष्ट काय, हे लिहायचे. तिसऱ्या भागात स्वतःच्या कामाचे नमुने जपून ठेवायचे. तक्त्यातले रकाने होते ऐकणे, वाचणे, संवाद साधणे, स्वतंत्रपणे बोलणे आणि लिहिणे. संवाद आणि स्वतंत्र बोलणे यांना वेगळे रकाने आहेत, हे लक्षात घ्यावे. तुमचे दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण स्वतंत्र बोलणे मोजते. समोरच्याने अनपेक्षित प्रश्न विचारल्यावर काय होते ते त्यात येत नाही.

त्या तक्त्यातली विधानेही ‘मला अमुक करता येते’ अशा स्वरूपाची आहेत आणि एकाच माणसाच्या एकाच भाषेत वाचन बी २ व बोलणे ए २ असू शकते, हे त्यात गृहीतच धरले आहे. आपल्याकडे मात्र ‘माझे बी १ झाले’ असे एका दमात सांगण्याची सवय जडली आहे.

दुसरी गोष्ट अशी की बी १ हे अक्षर तेच असले तरी परीक्षांची घडण एकसारखी नसते. गोएथे इन्स्टिट्यूटच्या बी १ परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार भाग असून प्रत्येकात शंभरपैकी साठ गुण मिळवावेच लागतात, आणि हे भाग सुटे सुटेही देता येतात. फ्रेंचच्या डेल्फ परीक्षेत चारही कौशल्यांना पंचवीस-पंचवीस गुण असून एकूण पन्नास मिळाले आणि कुठेही पाचाच्या खाली घसरण झाली नाही की उत्तीर्ण. म्हणजे बोलण्यात जेमतेम असलेला विद्यार्थी वाचनाच्या बळावर डेल्फ पार करू शकतो, तोच गोएथेच्या परीक्षेत संभाषणाच्या भागात अडकतो. तेव्हा दोन प्रमाणपत्रे शेजारी शेजारी ठेवून ‘दोन्ही भाषा सारख्याच येतात’ असा निष्कर्ष काढू नये. गुणपत्रिकेतले चार आकडे आपल्या पानावर उतरवून घ्यावेत.

डोंगरवाट

जपानीच्या बाबतीत सांजवर्ग यांचा मुद्दा आणखी टोकाला जातो. जेएलपीटी या जपानीच्या प्रमाणित परीक्षेत, एन ५ असो वा एन १, बोलणे आणि लिहिणे यांची चाचणीच नसते. सगळे प्रश्न पर्याय निवडण्याचे असतात. एन ३ ला १८० पैकी ९५ गुण आणि शब्द-व्याकरण, वाचन व श्रवण या तिन्ही विभागांत ६० पैकी किमान १९ लागतात. एन २ उत्तीर्ण झालेली आणि जपानी ग्राहकाच्या फोनला घाबरणारी मंडळी पुण्यातल्या कंपन्यांत हवी तितकी सापडतील. मी त्याच व्यवसायात असल्यामुळे हे जवळून पाहतो. म्हणून जपानीच्या पानावर बोलण्याचा रकाना पूर्णपणे स्वतःच्या जबाबदारीवर भरावा लागतो.

तासांच्या नोंदीची मात्र मी बाजू घेईन. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेत इंग्रजी भाषकांना जपानी शिकण्यासाठी सुमारे २२०० वर्गतास धरतात आणि फ्रेंच-स्पॅनिशला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. आपल्याला हे आकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, कारण कर्ता-कर्म-क्रियापद हा क्रम आणि नामामागून येणारे प्रत्यय मराठी माणसाला परके नाहीत, हिरागाना या जपानी अक्षरमालेची मांडणीही आपल्या वर्णमालेच्या वळणाने जाते. पण कांजीपुढे सगळे सारखेच. दैनंदिन वापराच्या जोयो यादीत २१३६ कांजी आहेत आणि त्यांना तासच द्यावे लागतात. तुमच्या तीन भाषांपैकी जपानी सर्वांत मागे रेंगाळते आहे असे पानावरून दिसले, तर ती खरोखर रेंगाळते आहे की तिला वेळच कमी मिळाला, हे तासांची नोंद नसेल तर कसे कळणार? रोजकीर्द फाडून टाकू नका, एवढेच म्हणणे आहे.

आंकी (शब्दांच्या पत्त्यांची ठरावीक अंतराने उजळणी करून घेणारे ॲप) वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. रोज किती पत्ते उलटले हा आकडा लिहून ठेवण्यात अर्थ नाही. ज्या पत्त्याच्या दोन उजळण्यांमधले अंतर एकवीस दिवस किंवा त्याहून जास्त झाले आहे तो आंकीच्या हिशेबाने मुरलेला पत्ता. दर महिन्याला प्रत्येक भाषेतल्या अशा मुरलेल्या पत्त्यांची संख्या आणि त्यातले किती टक्के पहिल्या फटक्यात आठवले, हे दोन आकडे पुरेसे आहेत. तिन्ही भाषांचे संच वेगळे ठेवले असतील तर ही माहिती आकडेवारीच्या पानावर आयती मिळते.

तिरपीरेघ

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. एक ना धड, भाराभर चिंध्या, असा हा प्रकार वाटतो. ठिपके, रेघा, लाल शाई, तीन महिन्यांनी ऐकायचे मुद्रण, मुरलेले पत्ते, या सगळ्यांत जो वेळ जातो त्यात जर्मन बी २ केव्हाच पदरात पडली असती. आपल्या आज्या-पणज्यांनी सासर-माहेरच्या दोन-तीन भाषा तक्ते न करताच आत्मसात केल्या होत्या.

पानगळ

राग मानण्याचे कारण नाही, शंका रास्त आहे. नोंदींना लागणारा वेळ मीही पाहिला आहे: एका भाषेला अर्धा तास, तेही महिन्यातून एकदा. त्यातले वाचन आणि बोलणे हा अभ्यासच असल्यामुळे केवळ नोंद म्हणून खर्च होणारी मिनिटे थोडीच उरतात. रोज रात्री रंगीत तक्ते भरण्याच्या मीही विरोधात आहे. सासर-माहेरच्या भाषांचे उदाहरण मात्र येथे लागू होत नाही, कारण त्या भाषा दिवसभर कानांवर पडत होत्या आणि बोलल्यावाचून गत्यंतर नव्हते. पुण्यात बसून जपानी शिकणाऱ्याला चूक दाखवणारी सासू मिळत नाही. ते काम वहीलाच करावे लागते.

एकाच वेळी अनेक भाषा कराव्यात की नाही, याचे उत्तरही या नोंदींतून मिळू शकते. एका भाषेचे पान सलग दोन-तीन महिने जागचे हलले नाही आणि दुसरीचेही तसेच राहिले, तर एक भाषा काही काळ बाजूला ठेवावी, हा निर्णय तर्कावर न सोडता पान पाहून घेता येतो.

मांडवी

मी गोव्यात एका वकिलांच्या कार्यालयात काम करते. आमच्याकडे वारसाहक्काची प्रकरणे आजही १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेने चालतात आणि १९६१ पूर्वीचे दस्तऐवज, खरेदीखते, जन्म-विवाहाच्या नोंदी पोर्तुगीजमध्ये, त्याही बऱ्याचदा हस्तलिखित असतात. मी पोर्तुगीज त्यासाठी शिकते आणि स्पॅनिश केवळ हौसेने. त्यामुळे माझ्या पोर्तुगीजच्या पानावर बोलण्याचा रकाना मी जाणूनबुजून कोरा ठेवला आहे. सगळ्या भाषांना सगळे रकाने हवेतच, हा आग्रह सोडला की मनावरचे निम्मे ओझे उतरते. माझी मासिक चाचणी म्हणजे जुन्या दस्तऐवजाचे एक पान: जमिनीच्या चतुःसीमा, पक्षकारांचे नातेसंबंध आणि अटी मी कोकणीत लिहून काढते आणि आमच्या ज्येष्ठांना दाखवते. चतुःसीमा चुकल्या तर बाकी सारे बरोबर असूनही पान नापास. शब्दांपेक्षा अक्षर लावण्यात अधिक वेळ जातो, म्हणून लागलेला वेळही लिहिते.

भगिनीभाषा एकत्र शिकणाऱ्यांना एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. पोर्तुगीज वाचता येऊ लागल्यावर स्पॅनिशचे वाचन जवळजवळ फुकटात वाढते आणि पानावर ते घवघवीत यश म्हणून दिसते. त्याच महिन्यात स्पॅनिश बोलायला गेले की निम्मी क्रियापदे पोर्तुगीज वळणाची निघतात. ऐकण्यात आणखी निराळे घडते. स्पॅनिश स्वर स्वच्छ उमटतात; पोर्तुगालचे लोक आघात नसलेले स्वर गिळून टाकतात, त्यामुळे कागदावर ओळखीचा असलेला शब्द कानाला सापडत नाही. पानगळ यांच्या लाल शाईची कल्पना म्हणूनच मला सर्वाधिक आवडली. मी त्यात थोडी भर घालेन: कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत घुसखोरी झाली, याची दिशाही लिहावी. माझ्याकडे ती जवळजवळ एकाच दिशेने होते, सवयीच्या भाषेतून कमी सवयीच्या भाषेत.

दूरदेशी

ऐकण्याविषयी विचारले आहे, म्हणून लिहितो. मी श्टुटगार्टजवळ राहतो आणि बी २ चे प्रमाणपत्र हाती असूनही येथील श्वेबियन बोली कानाला लागेपर्यंत दुकानात निमूटपणे मान डोलावत असे. ऐकण्याची चाचणी ‘किती टक्के कळले’ अशी अंदाजाने करू नये, कारण कळल्याचा भास फार सहज होतो. ठरावीक स्वरूपाचा छोटा कार्यक्रम घ्यावा, एकदाच ऐकावा आणि कळलेल्या बातम्या मराठीत सांगून पाहाव्यात. नंतर लिखित मजकुराशी ताळा करावा. जर्मनसाठी डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या आहेत, फ्रेंचसाठी आरएफआय या फ्रेंच नभोवाणीचे सोप्या फ्रेंचमधले दहा मिनिटांचे बातमीपत्र आहे आणि जपानीसाठी एनएचके या तिकडच्या प्रसारण संस्थेच्या सोप्या जपानीतल्या बातम्या आहेत. एक पथ्य पाळावे: या तिन्हींची काठिण्यपातळी एक नाही. आरएफआयचा निवेदक बऱ्यापैकी नेहमीच्या वेगाने बोलतो आणि संदर्भ समजावून सांगतो. डॉइचे वेलेत वेग कमी, पण भाषा पूर्ण वृत्तपत्री असते. फ्रेंचच्या आकड्याची तुलना जर्मनच्या आकड्याशी न करता फ्रेंचच्याच मागच्या आकड्याशी करावी.

बातमीत आकडे आणि विशेषनामे भराभर कळतात आणि त्यांच्या आधाराने आपण गोष्ट रचतो, हेही ध्यानात ठेवावे. मी ताळा करताना ‘कोण’ आणि ‘किती’ बरोबर आले तर अर्धा गुण देतो, ‘का’ बरोबर आले तर पूर्ण.

सांजवर्ग

आणखी एक भर. पानाच्या डोक्यावर त्या भाषेची सध्याची स्थिती लिहावी: वाढवायची की नुसती टिकवायची. बी २ ची तयारी करताना फ्रेंचकडूनही तितक्याच वाढीची अपेक्षा ठेवली तर दोन्ही पाने रडवेली दिसतात. टिकवायच्या भाषेत मागच्या तिमाहीइतकेच ठिपके आले तर तो पूर्ण यशाचा शेरा समजावा. विस्मरणाचा वेग आरंभी सर्वांत जास्त असतो, हे एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवले होते. त्यामुळे नुकतीच सुरू केलेली भाषा ‘टिकवायची’ या सदरात टाकू नये, ती टिकत नाही. निदान ए २ च्या पलीकडे गेलेली भाषाच विश्रांतीला पाठवावी.

पानगळ

सर्वांचे आभार. पानात असे बदल केले आहेत: डोक्यावर जर्मन ‘वाढ’, फ्रेंच ‘वाढ’, जपानी जुलैतल्या परीक्षेनंतर डिसेंबरपर्यंत ‘टिकवण’, ऐकण्यासाठी दूरदेशी यांची ‘कोण, किती, का’ पद्धत, तासांचा एकच आकडा पानाच्या तळाशी. संवादाचा रकाना नव्याने आखला आहे, पण तो भरण्यासाठी समोर माणूस लागतो आणि तोच माणूस दर महिन्याला असेल तर तो आपल्या चुका सांभाळून घेऊ लागतो. यावर कोणी काही उपाय केला आहे का?

डोंगरवाट

आम्ही तिघे-चौघे एकमेकांना आधी न सांगितलेले प्रश्न पाकिटात घालून देतो. प्रश्न विचारणाऱ्याने दुसऱ्यांदा सोपे करून विचारायचे नाही, एवढा एकच नियम आहे. किती वेळा ‘पुन्हा सांगा’ म्हणावे लागले, तेवढाच आकडा रकान्यात लिहायचा. दर वेळी जोडी बदलतो. जपानीसाठी जागा रिकामी आहे, यायचे असल्यास व्यक्तिगत निरोप पाठवावा.